वाचकांचे प्रश्न : हक्काचं किती, मेहेरबानीचं किती?

सीमाभागातल्या घरात दोन सरकारांच्या घोषणा ऐकू येतात, एक बेंगळूरची आणि एक मुंबईची. दोन्हीकडचे हप्ते मिळून घर भरायला हवं. पण या महिन्यातलं टपाल वाचलं तर इकडचं थकलंय आणि तिकडचं लागूच नाही, असाच सूर आहे. उत्तरं देताना आम्ही एक चाळणी लावली आहे: जे मागितलं जातंय ते कायद्यात लिहिलंय, की नुसत्या सरकारी आदेशात? कायद्यातलं देणं थकलं तर व्याज मागता येतं, अपील करता येतं. आदेशातलं थकलं तर अर्ज देऊन बसायचं, आणि उद्या आदेशच बदलला तर उठून घरी जायचं.

प्रश्न : कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार वर्षभर नीट आले, मग एकदम बंद. बँकेत गेलं की रेशन दुकानात विचारा म्हणतात, दुकानदार तालुक्याला पाठवतो, तिथं "वरूनच आलं नाही" म्हणतात. धरायचं तरी कुणाला? आणि उशिराचं व्याज मिळतं का?
– एक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आधी शेजारच्या दोन घरांत विचारा. ऐकायला बाळबोध वाटेल, पण निम्मी धावपळ इथंच वाचते. गल्लीतल्या सगळ्याच बायकांचा हप्ता अडकला असेल तर तुमच्या कागदात खोट नाही, तिजोरीतूनच पैसा सुटलेला नाही. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चचे हप्ते असेच राहून गेले आणि डिसेंबरात आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातल्या अधिवेशनात त्यावरून गदारोळ झाला. अशा वेळी बँकेच्या पायऱ्या झिजवू नका.

शेजारणीला आले आणि तुम्हालाच नाहीत, तर मोबाईलवर 'डीबीटी कर्नाटका' हे सरकारी ॲप घ्या. आधार क्रमांक आणि ओटीपी दिला की कोणत्या तारखेला कोणत्या बँकेत पैसे गेले ते दिसतं. 'गेले' असं दिसतंय पण पासबुकात नाहीत, तर ते तुमच्याच दुसऱ्या खात्यात पडताहेत. आधार चार बँकांना जोडलेलं असलं तरी थेट लाभाचा पैसा एकाच खात्यात जातो: एनपीसीआयच्या (बँकांमधली पैशाची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत जे खातं शेवटी बसलं असेल त्यात. आपल्याकडे हे फार घडतं. माहेर चंदगड-गडहिंग्लजकडचं, लग्नाआधी तिकडं खातं काढलेलं. किंवा बचत गटाच्या कर्जाला दुसऱ्या बँकेनं आधार घेतलं आणि नोंद गुपचूप तिकडं सरकली. मोबाईलवरून *९९*९९*१# लावून आधार क्रमांक टाका, कोणत्या बँकेची जोडणी चालू आहे ते कळेल. मग ज्या खात्यात पैसे हवेत त्या शाखेत आधार सीडिंगचा अर्ज द्या. "केवायसी झाली, जावा आता" एवढ्यावर उठू नका. खात्याला आधार लावणं वेगळं आणि एनपीसीआयच्या नोंदीत ते खातं बसवणं वेगळं. खिडकीमागच्या माणसालाही हा फरक ठाऊक असतोच असं नाही.

ॲपवर हप्ताच दिसत नसेल तर गाडी पात्रतेत अडलीय. रेशनकार्डावर यजमानी, म्हणजे घरातली कर्ती बाई म्हणून तुमचं नाव हवं. सासूबाई वारल्या आणि कार्ड तसंच राहिलं, तर आधी कार्ड बदलावं लागतं, मग नवा अर्ज. कार्डावरच्या माणसांची ई-केवायसी झालेली हवी. सगळ्यांत चिवट अडचण कराची. तुम्ही किंवा तुमचे पती आयकर भरत असाल किंवा जीएसटीचं रिटर्न भरत असाल तर योजना लागू नाही. आता होतं काय, की ट्रॅक्टरच्या नाहीतर घराच्या कर्जासाठी पतीनं एखाद्या वर्षी शून्य कराचं रिटर्न भरलेलं असतं आणि यादीत नाव करदाता म्हणून चढतं. रिटर्न भरणं म्हणजे कर भरणं नव्हे. त्या वर्षाची आयकर खात्याची कलम १४३(१) ची सूचना काढा. देय कर शून्य असल्याचं तिच्यात छापलेलं असतं. ती जोडून तालुक्याच्या बालविकास योजना अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जीएसटीचं मात्र तसं नाही, तिथं रिटर्न भरण्यानंच अट मोडते. दुकान बंदच पडलं असेल तर नोंदणी रीतसर रद्द करून घ्या.

व्याज नाही. ३० ऑगस्ट २०२३ ला सुरू झालेली ही योजना आदेशावर चालते, आणि उशीर झाला तर सरकारनं काय द्यायचं हे त्या आदेशात कुणी लिहिलेलं नाही.

प्रश्न : धाकट्या बहिणीला शिनोळीला दिलीय. तिला लाडकी बहीण मिळेल का? आणि आम्ही इकडच्या मराठी बायका बहिणी नव्हे काय?
– उचगाव

उत्तर : अटींत बहीण बसते, तुम्ही नाही. योजना महाराष्ट्रात राहणाऱ्या २१ ते ६५ वयाच्या बाईसाठी आहे. परराज्यात जन्मून महाराष्ट्रातल्या पुरुषाशी लग्न केलेल्या बाईला नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालतं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं, घरात ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. मात्र बहिणीचं नाव तुमच्या इकडच्या रेशनकार्डावर अजून असेल तर ते आधी कमी करा. दोन राज्यांच्या कार्डांवर एक आधार सापडलं की दोन्हीकडे चौकशी लागते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला सरकारी उत्तर एका शब्दाचं आहे: रहिवास. महाराष्ट्र सरकार बेळगाववरचा दावा सर्वोच्च न्यायालयात सांगतं, तो दावा २००४ पासून पडून आहे. दीड हजार देताना मात्र तेच सरकार सध्याची हद्द बिनतक्रार मानतं.

प्रश्न : आमचा ऊस दरवर्षी सीमेपलीकडच्या कारखान्याला जातो. बिल दोन महिने उशिरा जमा झालं, तोडणी-वाहतूक कशी कापली त्याचा हिशेब नाही. कर्नाटकात टनाला ३,३०० जाहीर झाले म्हणतात. मग आम्हाला काय?
– एक ऊस उत्पादक, निपाणी

उत्तर : यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एकेक सोडवू.

आधी दर. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये ठरवली, ती साखर उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) १०.२५ टक्के धरून. इकडं उतारा म्हटलं की माणूस तलाठ्याकडे जातो, म्हणून आम्ही रिकव्हरीच म्हणतो. रिकव्हरी ०.१ टक्क्यानं वाढली की क्विंटलमागं ३.४६ रुपये वाढतात. ११.२५ टक्के रिकव्हरीला दहा टप्पे, म्हणजे ३४.६० रुपये. क्विंटलला झाले ३८९.६०, टनाला ३,८९६. रिकव्हरी साडेनऊच्या खाली कितीही गेली तरी क्विंटलचा दर ३२९.०५ च्या खाली उतरवता येत नाही. हा भाव कारखान्याच्या गेटवरचा, म्हणून तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. ती टनाला ८५० धरली तर हातात पडायला हवेत ३,०४६.

पाणी मुरतं ते दोन ठिकाणी. तोडणी-वाहतुकीचा आकडा बहुतेक कारखाने सगळ्या गाळपाची सरासरी काढून सगळ्यांना सारखा लावतात. गेटपासून चार किलोमीटरवरचा शेतकरी साठ किलोमीटरवरून आलेल्या उसाचं भाडं भरत असतो. तुमच्या गावाचं अंतर आणि लावलेला दर दोन्ही लिहून मागा. दुसरी जागा रिकव्हरीची. बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवली की तेवढी साखर पोत्यात येत नाही आणि कागदावरची रिकव्हरी दीडेक टक्क्यानं खाली दिसते. ती वळवलेली साखर हिशेबात परत धरूनच रिकव्हरी ठरवायची असते. कारखान्याला पत्र लिहिताना "रिकव्हरी किती" असं मोघम विचारू नका. "इथेनॉलसाठी वळवलेली साखर मिळवून अंतिम रिकव्हरी किती" असं विचारा. वजनाच्या पावतीवर भरल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं अशी दोन्ही वजनं आहेत ना, तेही पाहा. नुसतं निव्वळ वजन छापलेल्या पावतीवर पुढं भांडता येत नाही.

आता उशीर. इथं मात्र तुमच्या हातात खरं हत्यार आहे. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली निघालेला आहे, त्यामुळं नावात आदेश असला तरी ताकद कायद्याची. ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर थकलेल्या रकमेवर सालाना १५ टक्के व्याज. समजा ५० टन ऊस १० डिसेंबरला गेला. टनाला ३,०४६ नं बिल १,५२,३०० रुपये, मुदत २४ डिसेंबर. पैसे जमा झाले २२ फेब्रुवारीला, म्हणजे ६० दिवस उशिरा. व्याज झालं ३,७५५ रुपये. कोणताही कारखाना ते आपणहून देत नाही आणि शेतकरीही बिल मिळालं यातच समाधान मानतो. लेखी मागा.

पण मागण्याआधी ऊस नोंदीच्या वेळी सही केलेला कागद काढून वाचा. १४ दिवसांच्या कलमाला एक फट आहे: दोघांत वेगळा लेखी करार नसेल तर, असे शब्द त्यात आहेत. म्हणून नोंदणी अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात "हप्त्याहप्त्यानं रक्कम स्वीकारण्यास माझी संमती आहे" अशी ओळ घुसवलेली असते. ती ओळ खोडून बाजूला सही करा आणि अर्जाचा फोटो काढून ठेवा. महाराष्ट्र सरकारनं २१ फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयानं दोन टप्प्यांत पैसे देण्याची मुभा सरसकट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती रद्द केली. तेव्हा चालू हंगामाची रिकव्हरी हंगाम संपल्यावर कळेल, तोवर थांबा, ही सबब पलीकडचे कारखाने आता सांगू शकत नाहीत.

तक्रार कारखाना जिथं आहे तिथं, शेत जिथं आहे तिथं नव्हे. पलीकडच्या कारखान्याची तक्रार पुण्याला साखर आयुक्तांकडे, मराठीत. कारखाना कर्नाटकातला असेल तर राज्याच्या ऊस विकास आयुक्तांकडे, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. आयुक्तांनी वसुलीचा दाखला काढला की जिल्हाधिकारी शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली करू शकतात. एकट्याचा अर्ज फायलीत झोपतो. एकाच गटातल्या पंचवीस-तीस जणांनी प्रत्येकी पावत्या जोडून एकाच दिवशी दिलेले अर्ज लवकर हलतात, कारण मग रक्कम डोळ्यांत भरते.

उरले ३,३००. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी ३,५०० मागत बसले, तेव्हा कर्नाटक सरकारनं तोडगा म्हणून ३,३०० जाहीर केले. त्यातले ५० कारखान्यानं आणि ५० सरकारनं वाढवून द्यायचे, वर रिकव्हरीची अट. हा तोडगा कर्नाटकातल्या कारखान्यांचा. तुमच्या कारखान्यावर तो बंधनकारक नाही. पण पुढच्या नोंदीच्या वेळी दोन्हीकडचा दर तोडणी-वाहतूक वजा करून शेजारी शेजारी मांडा. पहिली उचल मोठी दिसते म्हणून ऊस घालणारे निपाणी भागात कमी नाहीत.

प्रश्न : बारावीपर्यंत चिकोडी तालुक्यात शिकलो, पदवी कोल्हापूरला. युवानिधी मिळेल? शिवाय ८६५ गावांच्या यादीतून महाराष्ट्रात सरकारी नोकरीला अर्ज करता येतो म्हणतात. आम्ही मराठा, इकडं ३बी या मागास प्रवर्गात. तो दाखला तिकडं चालेल का?
– कारदगा

उत्तर : युवानिधी, म्हणजे कर्नाटकचा बेरोजगार भत्ता, पदवीधराला महिना ३,००० आणि डिप्लोमावाल्याला १,५००, जास्तीत जास्त दोन वर्षं. पास होऊन १८० दिवस नोकरी नाही आणि पुढचं शिक्षणही चालू नाही, अशी अट. सीमाभागातल्या पोरांना आडवी येते ती दुसरी: पदवीपर्यंतच्या शिक्षणात किमान सहा वर्षं कर्नाटकात शिकलेलं हवं. शाळेची वर्षं दाखवायला दहावी-बारावीची गुणपत्रकं जोडा. खरी अडचण पदवीच्या पडताळणीत येते. कर्नाटकच्या सेवासिंधू पोर्टलवर पदवी नॅशनल अकॅडमिक डिपॉझिटरीतून तपासली जाते. विद्यापीठानं तुमचं प्रमाणपत्र तिथं चढवलं नसेल तर अर्ज पुढं सरकत नाही. आधी डिजिलॉकर उघडून पदवी दिसते का पाहा. नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला लिहा, कर्नाटकच्या कचेरीत जाऊन उपयोग नाही.

महाराष्ट्रातल्या भरतीचं म्हणाल तर, दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवाराला तिथला अधिवास नसला तरी अर्ज करता येतो. त्यासाठी त्या गावातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यात लागतो. नमुना जाहिरातीत असतो, त्यातला एक शब्दही बदलून आणू नका. तालुका सीमाभागात म्हणजे गाव यादीत, असं नव्हे. आधी गावाचं नाव यादीत शोधा.

३बी तिकडं चालत नाही. मागास प्रवर्गाची यादी प्रत्येक राज्याची वेगळी, आणि एका राज्यातला दाखला दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाला लागत नाही. अनुसूचित जातींबाबत सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्येच मर्री चंद्रशेखर राव खटल्यात हे सांगितलंय. महाराष्ट्रातलं २०२४ चं दहा टक्के मराठा आरक्षण तिथल्या कायद्यानं तिथल्या मराठ्यांना आहे. खुल्या जागेची तयारी करा. आधी चुकीचा प्रवर्ग भरायचा आणि कागदपत्र तपासणीत बाद व्हायचं, यात वर्ष जातं.

प्रश्न : वडिलांचं ऑपरेशन. महात्मा फुले योजना सीमाभागाला लागू झाली असं भाषणात ऐकलं. इथल्या दवाखान्यात कार्ड चालेल?
– बेळगाव

उत्तर : २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ती योजना ८६५ गावांना लागू केली हे खरं. पण योजना दवाखान्याला धरून चालते. रुग्णालय त्या योजनेच्या यादीत हवं आणि उपचाराची पूर्वमंजुरी आरोग्यमित्राच्या (योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनिसाच्या) टेबलावरून दाखल होतानाच घ्यावी लागते. बिल भरून मागाहून परतावा, असा प्रकार नाही. भरती करण्याआधी त्या दवाखान्याच्या आरोग्यमित्राला फोन लावा.

इकडचं आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आधी वापरून पाहा. बीपीएल कार्डाला कुटुंबामागं वर्षाला पाच लाख, एपीएलला खर्चाच्या ३० टक्के, कमाल दीड लाख. तातडीचा आजार नसेल तर सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते, आणि लोक नेमके तिथंच चुकतात. थेट खासगीत जाऊन भरती होतात आणि मग चिठ्ठीसाठी पळतात. चिठ्ठी आधी, भरती नंतर.

प्रश्न : माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत दिला, कार्यालयानं परत केला. घटनेत तर मराठीचा हक्क आहे ना?
– येळ्ळूर

उत्तर : घटनेत आहे, या कायद्यात नाही. घटनेच्या कलम ३५० नं गाऱ्हाणं कोणत्याही अधिकाऱ्याकडे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. उत्तर त्याच भाषेत द्यावं असं मात्र ते कलम म्हणत नाही. आपल्या सभांमध्ये ३५० चा पहिला भागच सांगतात. १५ टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्य असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हेही १९५६ पासून मान्य झालेलं धोरण आहे. धोरण म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळं ते मोडलं तर कुणाचा पगार कापला जात नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जाची भाषा २००५ च्या कायद्याच्या कलम ६(१) नं ठरते: इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. म्हणजे येळ्ळुरात बसून हिंदीत अर्ज करता येतो, मराठीत नाही! तेव्हा गाऱ्हाणं मराठीत द्या आणि माहिती कन्नडात किंवा इंग्रजीत मागा. दोन्ही एका कागदावर लिहू नका. कर्नाटकच्या नियमात आणखी एक खाच आहे. अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा. चार पानांचा इतिहास लिहिला की परत करायला आयतं कारण मिळतं. "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीची टिपणं आणि सध्या फाईल कोणाकडे आहे" एवढं पुरतं. फी दहा रुपये, बीपीएलला माफ. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

उत्पन्न-जातीचे दाखले अडले असतील तर माहिती अधिकारापेक्षा 'सकाल', म्हणजे ठरल्या मुदतीत सेवा देण्याचा कर्नाटकचा कायदा, बरा. २०११ च्या या कायद्याखाली अर्जाच्या पोचीवर पंधरा अंकी क्रमांक मिळतो. मुदत टळली की दिवसाला २० रुपये, कमाल ५००, ते अधिकाऱ्याच्या खिशातून. पैसे मिळोत न मिळोत, क्रमांक मागितला की कागद हलतो. नाडकचेरीत (गावपातळीवरच्या महसूल कचेरीत) क्रमांकाशिवाय अर्ज ठेवून येऊ नका.

प्रश्न : वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. आधारवर एक स्पेलिंग, जमिनीच्या उताऱ्यावरून आलेलं दुसरंच. पीएम-किसान अडकलंय.
– नंदगड

उत्तर : दोष वडिलांचा नाही, ज्ञ चा आहे. आपण ज्ञ चा उच्चार द्-न्-य करतो, म्हणून इंग्रजीत डी-एन-वाय. कन्नडात तोच ज्ञ ग्न किंवा ज्न असा, म्हणून संगणकानं उताऱ्यावरून इंग्रजी केलं की जे-एन येतं. यंत्राच्या लेखी ही दोन माणसं. विठ्ठल, वैजनाथ यांचंही असंच होतं.

घाईनं आधार बदलू नका. आधारवरचं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. आधार बदललं की बँक, पॅन, शाळेचे दाखले सगळीकडे नवं कोडं. त्याऐवजी रयत संपर्क केंद्रात 'फ्रूट्स' या कर्नाटकच्या शेतकरी नोंदणीतला शेतकरी ओळख क्रमांक काढून पाहा. सगळे सर्व्हे नंबर त्या क्रमांकाला जोडलेत का, ते तपासा. एखादा सुटला असेल तर उताऱ्याची प्रत, आधार आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र देऊन तो जोडून घ्या. वडिलांच्या नावावर १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी जमीन चढलेली असणं ही मूळ अट, तीही बघून ठेवा.

प्रश्न : तुम्ही योजना कशा मिळवायच्या तेवढंच सांगता. ही खिरापत बंद करा असं का नाही लिहीत?
– एक निवृत्त शिक्षक, बेळगाव

उत्तर : गुरुजी, हिशेब मांडू. कर्नाटकच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात गृहलक्ष्मीसारख्या पाच 'गॅरंटी' योजनांसाठी ५१,०३४ कोटी, एकूण आकार ४ लाख ९ हजार कोटींचा. रुपयातले साधारण साडेबारा पैसे. गरीब घरात महिन्याला दोन हजार येणं ही खिरापत आहे असं आम्हाला वाटत नाही. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या बाईला विचारा, तेल-मीठ त्यातच भागतं.

आक्षेप वेगळ्या जागी घ्यायला हवा. अनुसूचित जाती-जमातींसाठी २०१३ च्या कायद्यानं राखलेल्या निधीतून २०२४-२५ मध्ये १४ हजार कोटींहून जास्त रक्कम याच गॅरंटींकडे वळवली गेली. कायद्यानं दिलेलं काढून आदेशानं वाटलं. दुसरं, ५ जानेवारी २०२५ पासून बसभाडं १५ टक्क्यांनी वाढलं. शक्ती योजनेत बाईचं तिकीट फुकट झालं आणि त्याच घरातल्या पुरुषाचं महागलं. वाटायला हरकत नाही, पण कोणत्या खिशातून काढलं ते पावतीवर लिहा, एवढं तरी मागूया.

प्रश्न : गृहज्योतीत २०० युनिट वीज फुकट ना? मग ८० युनिटला बिल कसं आलं?
– हिंडलगा

उत्तर : २०० ही कमाल मर्यादा आहे, तुमचा वाटा नव्हे. २०२२-२३ मधल्या तुमच्या मासिक सरासरीवर दहा टक्के, एवढाच वाटा. सरासरी ६० असेल तर ६६ युनिट फुकट, वरच्या १४ चे पैसे. २०० च्या पुढं एक युनिट गेला तर सगळंच बिल. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूचं आधार त्या मीटरला चिकटलेलं असतं. ते सेवासिंधूवरून सोडवून घेतल्याशिवाय तुमचं लागत नाही.

प्रश्न : शक्ती योजनेत बेळगावहून कोल्हापूरला अंबाबाईला जाता येतं का फुकट?
– एक आजी, कडोली

उत्तर : आजी, फुकट फक्त कर्नाटकाच्या हद्दीत, तेही साध्या गाडीनं आणि आधारवर इकडचा पत्ता असेल तर. निपाणीपर्यंत असं जाता येईल. हद्द कोगनोळीला संपते. तिथून पुढं महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं अर्धं तिकीट आहे, आणि त्यासाठी वाहक आधारवरचा पत्ता विचारत नाही. निपाणीच्या स्टँडवर एसटीची गाडी धरा, हद्दीपर्यंतचं पूर्ण आणि पुढचं अर्धं असं तिकीट मागा. येताना सुट्टे पैसे जवळ ठेवा.